गोकुळाष्टमी झाली की दिवाळीचे तिकीट

बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेची मुले पांगतात. कोणी भोपाळला जाते, कोणी इंदूरला, कोणी मुंबईला, आणि बरीचशी पुण्याला. ग्वाल्हेरच्या मराठी घरातून मूल शिकायला पुण्याला पाठवायचे ही रीत फार जुनी आहे. तिथे आत्या असते, मावशी असते, नाहीतर ओळखीचे कोणी कोथरूडला राहत असते, म्हणून आईवडिलांना धीर वाटतो. जाण्यापूर्वी घरात कागद घेऊन हिशेब मांडला जातो. फी किती, खोलीचे भाडे किती, मेस किती, पुस्तके किती. हे सगळे लिहिले जाते. येण्याजाण्याचे भाडे मात्र त्या कागदावर कधी नसते. ते आपले वेळेवर बघू, असे सगळेच म्हणतात.

वेळेवर बघितले की काय होते, ते पालकांना दिवाळीच्या आठ दिवस आधी कळते. म्हणून विद्यार्थ्यांसाठी, पालकांसाठी आणि थोडे विश्वस्त मंडळींसाठीही, या विषयावर चार गोष्टी लिहाव्यात असे आमच्या मनात बरेच दिवस होते. विषय तिकिटाचा आहे, म्हणजे अगदी व्यवहाराचा. पण त्या तिकिटाच्या आड काय काय असते ते आम्ही या खुर्चीवर बसून पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला एक मुलगा पुण्याला शिकत होता. पहिल्या वर्षी दिवाळीला तो आला नाही. घरी फोन करून सांगितले की सबमिशन आहे, सुट्टी मिळत नाही. आईने चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू बांधून पार्सलने पाठवले. त्याची धाकटी बहीण तेव्हा आपल्याकडे नववीत होती. सुट्टीनंतर तिने वर्गशिक्षिकेला सहज सांगितले की दादाला सुट्टी होती, पण तिकीट मिळाले नाही. खासगी बसने इंदूरपर्यंत यायचे, तर भाडे नेहमीच्या तिप्पट सांगत होते. बाबांच्या दुकानाचे त्या वर्षी बरे चालले नव्हते, म्हणून त्याने पैसे मागितलेच नाहीत. सबमिशनचे कारण त्याने शोधून काढले होते.

पुढे पौषात त्याची आजी गेली. ज्या दिवाळीला तो आला नाही, ती तिची शेवटची दिवाळी होती.

या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याने वडिलांचा खिसा सांभाळला. एकोणीस वर्षांचे पोर इतका विचार करते, याचा शाळेला अभिमानच वाटला पाहिजे. आम्हाला खटकले ते वेगळेच. तोच प्रवास त्याला निम्म्या भाड्यात करता आला असता, आणि ही गोष्ट त्याला, त्याच्या आईवडिलांना, कोणालाच माहीत नव्हती.

आमच्या वेळी हे सगळ्यांना माहीत असे. आम्ही सागर विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून शिकलो. शिक्षण हिंदीतून, मित्र बुंदेलखंडातले, आणि मराठी फक्त घरच्या पत्रातली. तेव्हा पोस्टकार्ड 15 पैशांना मिळत असे. सुट्टी लागायच्या आधी महिनाभर विभागाच्या कार्यालयात सवलतीच्या फॉर्मसाठी रांग लागे. बडे बाबू फॉर्म भरून द्यायचे, विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का व्हायचा, आणि तो कागद आम्ही वहीत जपून ठेवायचो. सागरहून बीनापर्यंत यायचे, बीनाला गाडी बदलायची, मग झाशी, मग ग्वाल्हेर. थंडीच्या रात्री बीनाच्या फलाटावर चहाच्या कुल्हडावर हात शेकत गाडीची वाट पाहणे हा त्या काळच्या शिक्षणाचाच एक भाग होता. त्या फॉर्ममुळे निम्मे भाडे वाचे आणि वाचलेल्या पैशांतून बहिणीसाठी काहीतरी नेता येई.

आता सगळे मोबाईलवर आले. तिकीट मोबाईलवर निघते, म्हणून तो फॉर्म मुलांच्या नजरेआड गेला. मार्च 2020 मध्ये रेल्वेने बऱ्याच सवलती थांबवल्या, ज्येष्ठ नागरिकांचीही थांबवली. त्यामुळे विद्यार्थ्यांचीही गेली असा लोकांचा समज झाला आहे. तसे नाही. विद्यार्थी, काही आजारांचे रुग्ण आणि दिव्यांग यांच्या सवलती तेव्हाही ठेवल्या होत्या.

ही सवलत कशी मिळते ते नीट समजून घ्या. सुट्टीत आपल्या गावी जाण्यासाठी विद्यार्थ्याला सेकंड क्लास आणि स्लीपरच्या मूळ भाड्यात 50 टक्के सूट मिळते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांना ती 75 टक्के आहे. त्यासाठी आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते घेऊन रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर जावे लागते. मोबाईलवर किंवा संगणकावर ही सूट मिळत नाही. तत्काळ तिकिटावर मिळत नाही. वातानुकूलित डब्याला मिळत नाही. आरक्षणाचे शुल्क आणि सुपरफास्ट गाडीचा अधिभार पूर्ण द्यावा लागतो, सूट फक्त मूळ भाड्यावर आहे. वयाची मर्यादाही आहे, पण पदवीच्या वर्गातली आपली मुले तिच्यात सहज बसतात. प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा परतीच्या प्रवासाचेही त्याच वेळी कार्यालयाला विचारून घ्या, म्हणजे दुसरा हेलपाटा पडत नाही.

काही मुलांना रांगेत उभे राहून सवलत मागणे कमीपणाचे वाटते. मित्र काय म्हणतील, अशी भीती असते. मुलांनो, ही कोणाची मेहेरबानी नाही. शिकणाऱ्याने वर्षातून दोनदा तरी घरी जावे म्हणून देशाने केलेली ही सोय आहे. ती घेण्यात लाज कसली?

आता दुसरी गोष्ट, तारखेची. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडत असे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस सोडून. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते, आणि दिवाळीच्या दिवसांचे स्लीपर काही मिनिटांत वेटिंगवर जाते. म्हणजे सगळा खेळ तारीख लक्षात ठेवण्याचा आहे. 60 दिवस मागे मोजत बसणे मुलांना जमत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आपल्या घरातले पंचांग वापरा.

गोकुळाष्टमी आणि लक्ष्मीपूजन यांच्यात सुमारे 65 दिवसांचे अंतर असते. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य अष्टमी. शेजारच्या हिंदी घरात तिलाच भादोंची जन्माष्टमी म्हणतात, दिवस एकच. दिवाळीच्या तीन-चार दिवस आधी निघायचे असेल तर त्याचे आरक्षण गोकुळाष्टमीनंतर एक-दोन दिवसांत उघडते. 2026 सालचे पाहा. गोकुळाष्टमी 4 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 5 नोव्हेंबरला पुण्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट 6 सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल. म्हणजे दहीहंडी फुटली, गोपाळकाला खाल्ला, की दिवाळीच्या तिकिटाला लागायचे. गणपती बसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. अधिक भाद्रपद किंवा अधिक आश्विन मध्ये आला तर एक महिना धरून चालायचे, 2020 साली आश्विन अधिक होता. एरवी हे अंतर एखाद-दोन दिवसांपलीकडे हलत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. झेलम एक्स्प्रेस पुण्याहूनच सुटते, तिथे प्रश्न नाही. गोवा एक्स्प्रेस मात्र वास्कोहून आदल्या दुपारी निघते आणि पहाटे पुण्याला येते. म्हणून तिचे पुण्याचे आरक्षण एक दिवस आधीच उघडते. परतीच्या झेलमचेही तसेच आहे, ती जम्मूहून येते. हा एक दिवस ज्याला माहीत असतो त्याला बर्थ मिळतो.

झेलम आणि गोवा या दोनच गाड्या आपली मुले शोधतात. त्या भरल्या की हात टेकतात. पण ग्वाल्हेरला येणाऱ्या गाड्या आणखी आहेत. मुंबईहून पंजाब मेल येते. कर्नाटक एक्स्प्रेस दौंडच्या बाजूने येते. ग्वाल्हेरचे तिकीट नसेल तर झाशीचे पाहावे. झाशी इथून 100 किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथून ग्वाल्हेरला गाड्यांची कमतरता नाही. भोपाळपर्यंत आरक्षण मिळाले तरी पुढचा रस्ता दिवसाउजेडी निघतो. आम्ही बीनाला गाडी बदलत होतो, तुम्ही झाशीला बदला. तेराशे किलोमीटरच्या प्रवासात शंभर किलोमीटर दुसऱ्या गाडीने केले म्हणून काही बिघडत नाही.

परीक्षेची तारीख नक्की नसते, सुट्टी कधी लागेल कळत नाही, तर तिकीट कसे काढायचे, असे मुले विचारतात. प्रश्न बरोबर आहे. तरी आमचे म्हणणे असे की अंदाजाने तिकीट काढून ठेवावे. स्लीपरचे पक्के तिकीट बरेच दिवस आधी रद्द केले तर थोडी ठरावीक रक्कम कापली जाते. जितका उशीर कराल तितके जास्त जाते, आणि शेवटच्या तासांत रद्द केले तर हाती काही लागत नाही. आधी काढून वेळेत रद्द करणे हे शेवटच्या दिवशीच्या तत्काळपेक्षा किंवा बसच्या तिप्पट भाड्यापेक्षा स्वस्तच पडते. मात्र तीन-तीन तारखांची तिकिटे अडवून ठेवू नका. त्यात तुमचेही पैसे जातात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचा बर्थही अडतो.

वेटिंगचे तिकीट हातात असले तर काय होते, हेही पालकांनी समजून घ्यावे. मोबाईलवर काढलेले तिकीट चार्ट तयार होईपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येते, एक बर्थ दोघांत वाटून बसावे लागते. तिकीट काढताना 'विकल्प' नावाची एक निवड असते. ती घेतली तर आपल्या गाडीत जागा न मिळाल्यास त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत मिळण्याची शक्यता राहते.

तत्काळ हा शेवटचा उपाय आहे. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला ते उघडते. स्लीपरला 100 ते 200 रुपये जास्त पडतात, तिथे सवलत चालत नाही आणि पक्के तत्काळ तिकीट रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. 1 जुलै 2025 पासून आधार जोडलेले खाते असेल तरच मोबाईलवर तत्काळ तिकीट निघते. 1 ऑक्टोबर 2025 पासून साध्या आरक्षणाच्या सुरुवातीच्या वेळेलाही हीच अट आली. तेव्हा खात्याला आधार जोडण्याचे काम आजच करून टाका. सकाळी आठ वाजून एक मिनिटाने ओटीपी शोधत बसलात तर गाडी गेली म्हणून समजा.

पैसे आणखी कुठे वाचतात? घरून निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या, दीड दिवस टिकते. डब्याच्या नावाने नाक मुरडणारी मुले इटारसीच्या पुढे शेजाऱ्याच्या डब्यात हात घालताना आम्ही पाहिली आहेत. पाण्याची रेल नीरची लिटरची बाटली 22 सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना आहे, कोणी वीस मागितले तर देऊ नका. एका तिकिटावर सहा जणांची नावे बसतात, म्हणून ग्वाल्हेरच्या मुलांनी ठरवून एकत्र यावे. रात्री एकमेकांच्या सामानावर लक्ष राहते आणि मुलींच्या आयांना झोप लागते. पुण्यात उतरल्यावर रिक्षावाला जे सांगेल ते द्यायची गरज नाही. 2023 पासून पुणे स्टेशनला मेट्रो आहे आणि ती कोथरूडकडे वनाजपर्यंत जाते.

आता जिथे वाचवू नये ते सांगतो. विनातिकीट प्रवास करू नका. पकडले गेलात तर भाडे द्यावेच लागते, वर कमीत कमी 250 रुपये दंड. पण प्रश्न दंडाचा नाही. आपल्या शाळेचे मूल टीसीला पाहून डब्यातल्या संडासात लपते, ही कल्पनाही आम्हाला सहन होत नाही. खोट्या पत्त्यावर सवलत घेऊ नका. मित्राच्या गावी फिरायला जायचे आणि ते आपले गाव म्हणून लिहायचे, हे चालणार नाही. एका खोट्या कागदामुळे पुढच्या दहा खऱ्या मुलांकडे बाबू संशयाने पाहतो. दिवाळीच्या गर्दीत पायरीवर लटकून येऊ नका. जागा नसेल तर एक दिवस उशिरा या. लक्ष्मीपूजन हुकले तरी भाऊबीज आहे, आणि बहीण ताट घेऊन थांबते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. घरी येणेच वाचवू नका. काही मुले सांगतात की दिवाळीला आलो नाही, तेवढे पैसे वाचवले. काही घरी अडचण इतकी असते की तसे करावेच लागते, ते आम्ही जाणतो. पण जिथे नुसत्या माहितीच्या अभावी मूल दूर राहते, तिथे ती बचत नव्हे. पहिल्या वर्षाचे मूल तीन-चार महिन्यांत बरेच काही मनात साठवून असते. मेसचे जेवण आवडत नाही, इंग्रजीतले लेक्चर समजत नाही, खोलीतल्या मुलांशी पटत नाही. हे फोनवर सांगता येत नाही. स्वयंपाकघरात आईशेजारी पाट घेऊन बसल्यावर ते निघते. चार दिवस घरी राहून गेलेले मूल पुढचे सहा महिने नीट अभ्यास करते, हे आम्ही इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

पालकांना एक विनंती. मुलाने सांगितले की सुट्टी नाही, तर एकदा हळूच विचारा, पैशाची अडचण आहे का? रागावून नव्हे. आपली मुले मानी आहेत, मागत नाहीत. वर्षाच्या हिशेबात फी आणि मेसच्या खाली एक ओळ आणखी लिहा, दोन वेळा येणे आणि दोन वेळा जाणे. सवलतीचे तिकीट धरले तर ही रक्कम आपण भितो तितकी नसते.

विश्वस्त मंडळींनाही एक सुचवायचे आहे. शाळेचा संगणक कक्ष गोकुळाष्टमीनंतरचे चार दिवस सकाळी साडेसातला उघडा ठेवावा. ज्या घरात संगणक नाही, आधार जोडता येत नाही, किंवा इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही, त्या पालकांनी तिथे यावे. आमचे दोन शिक्षक मदतीला बसायला तयार आहेत, आम्हीही बसू. यात शाळेचा खर्च काहीच नाही, चहा सोडला तर. दुसरे असे की ज्या माजी विद्यार्थ्याचे भाडे खरोखरच अडले आहे, त्याला स्लीपरच्या एका तिकिटापुरती रक्कम उसनी देता येईल अशी छोटी व्यवस्था करावी. नोकरी लागल्यावर तो परत करील, नाही केली तरी शाळा बुडणार नाही. नाव कुठे लिहू नये, फळ्यावर लावू नये. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असले की पुरे.

तो मुलगा आता नोकरीला आहे. दुसऱ्या वर्षापासून तो सवलतीचा फॉर्म घेऊन येऊ लागला, आणि त्याच्या मागून पुण्याला गेलेल्या आपल्या पाच-सहा मुलांना खिडकीपर्यंत घेऊन जाणाराही तोच होता. शाळेने करायचे काम त्याने एकट्याने केले. पुढच्या दिवाळीपासून ते आपण सगळे मिळून करू या.

मुलांनो, प्रमाणपत्र घ्या, तारीख लक्षात ठेवा, आणि या. सुट्टीत शाळेलाही एक चक्कर मारा. सुट्टी असली तरी कार्यालय सकाळी उघडे असते.